बांबूचा फुलोरा आणि मिझोरामची शांतता

भारताच्या ईशान्य कोपऱ्यात, एका बाजूला म्यानमार आणि दुसऱ्या बाजूला बांगलादेश यांच्या मध्ये, उत्तर-दक्षिण धावणाऱ्या डोंगररांगांचा एक प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पंधराव्या भागाइतके. त्याचे नाव मिझोराम. या डोंगरांवर दूरवर बांबूचीच बने दिसतात, आणि तेथील मनुष्याचे घर, टोपली, पाण्याचे नळकांडे, इतकेच काय पण ताटातील भाजीदेखील बांबूचीच असते. हा उपकारकर्ता बांबू अठ्ठेचाळीस वर्षांच्या सुमारास एकदाच फुलतो, फळतो आणि मरून जातो. मिझो लोक या घटनेला ‘मौताम’ म्हणतात. बांबूच्या फळांवर उंदीर पोसले जातात आणि त्यांची संख्या बेसुमार वाढते. फळे संपली की ते भाताच्या शेतांवर आणि कोठारांवर तुटून पडतात, आणि पाहता पाहता वर्षाचे धान्य नाहीसे होते. बांबू फुलला की दुष्काळ येतो, ही समजूत भारतात इतरत्रही आहे. पण मिझो टेकड्यांत ती केवळ समजूत नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा एक फुलोरा १९५८-५९ च्या सुमारास आला आणि त्यानंतरचा २००६-०७ मध्ये. पहिल्या फुलोऱ्यानंतर सात वर्षांच्या आत त्या प्रदेशाने हाती शस्त्र घेतले आणि भारतापासून वेगळे होण्याची घोषणा केली. दुसरा फुलोरा आला तेव्हा तोच प्रदेश भारतीय संघराज्यातील एक शांत घटकराज्य होता आणि एकेकाळचा बंडखोर त्याचा मुख्यमंत्री होता. या दोन फुलोऱ्यांच्या मधल्या अर्धशतकात जे घडले, तो स्वतंत्र भारताच्या राज्यकारभाराच्या इतिहासातील एक मोलाचा अध्याय आहे. बंड मोडता येते, हे पुष्कळ राजवटींनी दाखविले आहे. बंड मिटविणे ही निराळी गोष्ट आहे, आणि मिझोराममध्ये ती साधली.

हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते. मिझो टेकड्या, ज्यांना इंग्रज लुशाई टेकड्या म्हणत, त्या ब्रिटिश राज्याला जोडल्या गेल्या त्या १८८९-९० च्या मोहिमेनंतर. त्यापूर्वी प्रत्येक गाव आपल्या सरदाराच्या सत्तेखाली स्वतंत्र असे. आसामात मोडणारा उत्तर भाग आणि बंगालात मोडणारा दक्षिण भाग १८९८ साली एकत्र करून आसामच्या हवाली करण्यात आले. इंग्रजांनी सरदारांची सत्ता बहुतांशी राहू दिली आणि १८७३ च्या नियमाने आखलेल्या ‘अंतर्गत सीमारेषे’च्या आत बाहेरच्या माणसाला परवान्यावाचून प्रवेश बंद ठेवला. १९३५ च्या कायद्याने हा मुलूख प्रांतिक कायदेमंडळाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला. त्यामुळे असे झाले की, उरलेल्या हिंदुस्थानात राष्ट्रीय चळवळीचे जे वारे वाहत होते, ते या डोंगरांपर्यंत फारसे पोहोचलेच नाही. मैदानातील माणूस आणि डोंगरातील माणूस हे एकमेकांना पारखे राहिले.

मात्र दुसरे एक वारे तेथे पोहोचले. १८९४ च्या जानेवारीत लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी ऐझॉलला आले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. पुढे वेल्सच्या मिशनने शाळांचे जाळे विणले. दोन पिढ्यांच्या आत जवळजवळ सर्व समाज ख्रिस्ती झाला आणि साक्षरतेत तो देशाच्या अनेक पुढारलेल्या भागांना मागे टाकू लागला. जुन्या चालीरीतींपैकी एक मात्र टिकून राहिली, आणि पुढच्या घटनांत तिचा वाटा मोठा आहे. ‘त्लॉमङाइना’ या शब्दाने मिझो लोक जे शील सांगतात, त्याचा अर्थ असा की, दुसऱ्याच्या अडचणीत न बोलावता धावून जावे, आपले सुख मागे ठेवावे आणि त्याचा गाजावाजा करू नये. गावातील कोणी मरण पावला, हरवला, उपाशी राहिला, तर तो साऱ्या गावाचा प्रश्न मानला जाई.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, मिझो युनियन हा पहिला राजकीय पक्ष निघाला. त्याने भारतात राहण्याचा कौल दिला आणि सरदारशाही नष्ट करण्याची मागणी केली. घटना समितीने गोपीनाथ बार्दोलोई यांच्या अध्यक्षतेखाली जी उपसमिती नेमली होती, तिच्या शिफारशींतून घटनेची सहावी अनुसूची तयार झाली. तिच्यान्वये १९५२ साली मिझो लोकांना स्वतःची स्वायत्त जिल्हा परिषद मिळाली. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेहून ही संस्था वेगळी. जमीन, जंगल, झूम शेती, रूढी आणि गावचा न्याय यांविषयी कायदे करण्याचा अधिकार तिला होता. १९५४ साली सरदारांचे हक्क कायद्याने काढून घेण्यात आले आणि लुशाई टेकड्यांचे नाव मिझो जिल्हा असे झाले. आरंभ शुभ होता. पण या परिषदेजवळ स्वतःचा पैसा फारसा नव्हता. तिजोरीची किल्ली शिलाँगला, आसाम सरकारच्या हाती होती. अधिकार एकीकडे आणि साधने दुसरीकडे, अशी ही मांडणी होती. ती किती कच्ची होती, हे पहिल्याच संकटात दिसून आले.

ते संकट मौतामचे. मिझो वृद्धांनी वर्षे मोजून ठेवली होती. आधीचा फुलोरा १९११-१२ चा. म्हणजे पुढचा १९५९ च्या आसपास येणार, हे साध्या बेरजेने निघत होते. जिल्हा परिषदेने १९५८ च्या ऑक्टोबरमध्येच ठराव करून आसाम सरकारला सावध केले आणि दुष्काळनिवारणासाठी निधी मागितला. शिलाँगच्या दप्तरात या मागणीची गणना डोंगरी लोकांच्या भाबड्या समजुतींत झाली. बांबूला फुले येणे आणि माणसांनी उपाशी मरणे यांचा संबंध मैदानी अधिकाऱ्यांना उमगला नाही. फुले आली, उंदीर आले आणि अन्न गेले. मदत निघाली तेव्हा वेळ टळून गेली होती, आणि रस्ते नसलेल्या डोंगरांत ती गावोगावी पोहोचविणे आणखी अवघड होते. या साऱ्यात जे घडले त्याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. ती एक प्रशासकीय बहिरेपणाची कथा आहे. ज्याला ठाऊक होते त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याने ऐकून घेतले नाही.

सरकार जेथे पोहोचले नाही तेथे मिझो तरुण पोहोचले. १९६० साली ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’ ही दुष्काळनिवारण संस्था उभी राहिली. तिचे स्वयंसेवक तांदळाची ओझी खांद्यावर घेऊन दूरदूरच्या गावी जात. त्लॉमङाइनाचे ते प्रत्यक्ष दर्शनच होते. या संस्थेचे अध्वर्यू लालडेंगा हे एकेकाळी भारतीय सैन्यात हवालदार होते आणि नंतर जिल्हा परिषदेच्या कचेरीत नोकरीला होते. वक्तृत्व आणि संघटना ही दोन्ही अंगे त्यांच्या ठिकाणी होती. त्याच वर्षी आसामने आसामी ही राज्यभाषा करणारा कायदा केला आणि डोंगरी लोकांच्या मनात परकेपणाची भावना आणखी दृढ झाली. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये फॅमिन फ्रंटच्या नावातील ‘फॅमिन’ हा शब्द गळाला आणि दुष्काळनिवारणाची संस्था ‘मिझो नॅशनल फ्रंट’ या राजकीय पक्षात रूपांतरित झाली. तिचे ध्येय होते स्वतंत्र मिझोराम. ज्या पायवाटांनी तांदूळ गेला होता, त्याच पायवाटांनी आता हा विचार गेला, आणि तांदूळ देणाऱ्या हातांवर गावांचा विश्वास बसलेला होता.

१९६६ च्या २८ फेब्रुवारीच्या रात्री उठाव झाला. बायबलमधील ज्या नगराच्या भिंती कर्ण्यांच्या नादाने कोसळल्या, त्या जेरिकोचे नाव या मोहिमेला देण्यात आले होते. ऐझॉल, लुंगलेई, चंफाई येथील ठाण्यांवर आणि खजिन्यांवर एकाच वेळी हल्ले झाले, आणि १ मार्चला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. ऐझॉलमधील आसाम रायफल्सच्या ठाण्याला वेढा पडला. ५ मार्चला भारतीय विमानदलाच्या विमानांनी ऐझॉलवर मारा केला. बाजारपेठ आणि वस्ती जळाली, लोक जीव मुठीत धरून रानात पळाले. विमाने माणसे आणि रसद टाकण्यासाठी गेली होती, असे सरकारने त्या वेळी सांगितले. ज्यांनी आग पाहिली होती त्यांना ते पटणे शक्य नव्हते. स्वतंत्र भारताच्या विमानांनी भारताच्याच भूमीवरील नगरावर मारा करण्याचा हा प्रसंग मिझो मनात खोल रुतून बसला.

त्यामागून आली ती गावांची फेरवसाहत. बंडखोरांना गावातून अन्न आणि आसरा मिळू नये म्हणून विखुरलेली गावे उठवून रस्त्यालगतच्या मोठ्या केंद्रांत आणावयाची, हा मार्ग इंग्रजांनी मलायात चोखाळला होता. मिझो टेकड्यांत तो १९६७ च्या जानेवारीपासून अमलात आला. सिलचर-ऐझॉल-लुंगलेई या मार्गावर प्रथम अठरा केंद्रे उभारण्यात आली. पुढे ही योजना वाढत गेली आणि जवळजवळ ऐंशी टक्के लोकसंख्या तिच्या कक्षेत आली. लोकांना ठरावीक मुदतीत सामान बांधण्यास सांगण्यात येई आणि मागे राहिलेली घरे जाळून टाकण्यात येत. केंद्राभोवती कुंपण असे, रात्री संचारबंदी असे आणि शेतावर जावयाचे तरी नोंद करावी लागे. सह्याद्रीतील कुमरीप्रमाणे मिझोंची झूम शेती फिरती असते. डोंगराचा तुकडा साफ करून जाळावयाचा, त्यात पीक घ्यावयाचे आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जावयाचे. कुंपणात राहून ही शेती कशी होणार? स्वावलंबी शेतकरी शिधापत्रिकेवर आला. सैन्याच्या दृष्टीने ही योजना बऱ्याच अंशी सफल झाली. समाजाच्या दृष्टीने तिचे घाव भरून यावयास फार वर्षे लागली.

अत्याचार केवळ एकाच बाजूने झाले, असे मात्र इतिहास सांगत नाही. बंडखोरांनी खंडण्या घेतल्या आणि भारताशी एकनिष्ठ राहिलेल्या मिझो युनियनच्या कार्यकर्त्यांना, म्हणजे आपल्याच बांधवांना, ठार केले. १९७५ च्या १३ जानेवारीला ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात शिरून तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांची हत्या करण्यात आली. रात्री बंडखोरांना जेवण द्यावे लागे आणि सकाळी त्याबद्दल सैनिकांना जाब द्यावा लागे, अशा कात्रीत सामान्य गावकरी सापडला होता.

शस्त्राने जे मिळणार नव्हते ते हळूहळू स्पष्ट होऊ लागले. बंडखोरांचे तळ पूर्व पाकिस्तानातील चितगावच्या डोंगराळ मुलखात होते. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश जन्माला आला आणि तो आसरा तुटला. सैनिक ब्रह्मदेशातील आराकानच्या रानात शिरले, आणि लालडेंगा पाकिस्तानात गेले. याच सुमारास दिल्लीनेही एक पाऊल पुढे टाकले. १९७२ च्या २१ जानेवारीला मिझो जिल्हा आसामपासून अलग होऊन केंद्रशासित प्रदेश झाला. त्याला स्वतःची विधानसभा आणि मंत्रिमंडळ मिळाले. शिलाँगच्या दप्तरातून सुटका झाली, ही बंडखोरांच्या मूळ गाऱ्हाण्याला दिलेली पहिली खरी दाद होती.

या काळात मिझो समाज स्वतः काय करीत होता, हे पाहिल्याखेरीज पुढील गोष्टीचा उलगडा होत नाही. चर्चच्या धर्मोपदेशकांनी उठावाच्या वर्षीच शांतता समिती स्थापून दोन्ही बाजूंशी बोलणे सुरू केले होते. रानात जाऊन बंडखोरांना आणि छावणीत जाऊन सेनाधिकाऱ्यांना ते भेटत. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर थेनफुंगा सायलो यांनी १९७४ साली मानवी हक्कांसाठी समिती स्थापून सैनिकी जुलमाविरुद्ध सनदशीर मार्गाने आवाज उठविला. पुढे त्यांनी पक्ष काढला, निवडणूक जिंकली आणि १९७८ साली ते मुख्यमंत्री झाले. एकाच वेळी बंदुकीलाही नकार आणि अन्यायालाही नकार देता येतो, हे त्यांनी दाखविले. मतपेटीला प्रतिष्ठा आली ती अशा माणसांमुळे.

वाटाघाटींचा मार्ग मात्र सरळ नव्हता. युरोपातून संधान जुळून लालडेंगा दिल्लीस आले आणि १९७६ च्या १ जुलैला भारतीय घटनेच्या चौकटीत तोडगा काढण्याचे मान्य झाले. तो करार टिकला नाही. १९७९ साली लालडेंगा यांना अटक झाली. १९८० मध्ये बोलणी पुन्हा सुरू झाली आणि १९८२ मध्ये मोडली, तेव्हा ते लंडनला निघून गेले. १९८४ च्या ऑक्टोबरअखेर ते पुन्हा दिल्लीस आले. ३१ ऑक्टोबरला त्यांची पंतप्रधान इंदिरा गांधींशी भेट ठरली होती. त्याच दिवशी सकाळी इंदिराजींची हत्या झाली. एवढ्या आघातानंतर बोलणी कायमची खुंटली असती तरी कोणास नवल वाटले नसते. परंतु राजीव गांधींनी १९८५ च्या आरंभी तो धागा पुन्हा उचलला.

या अखेरच्या वाटाघाटींत केंद्राच्या वतीने राम प्रधान यांचा मोठा भाग होता. महाराष्ट्राच्या प्रशासनात वाढलेले, राज्याचे मुख्य सचिवपद भूषविलेले प्रधान त्या वेळी केंद्रीय गृहसचिव होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ते त्यांचे खासगी सचिव होते. हाही एक विलक्षण योगच म्हणावयाचा की, मिझो गावांची फेरवसाहत सुरू झाली तेव्हा केंद्रीय गृहमंत्रिपदी यशवंतराव होते, आणि तो संघर्ष मिटविणाऱ्या करारावर सरकारच्या बाजूने सही झाली ती त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या अधिकाऱ्याची. ३० जून १९८६ हा प्रधान यांच्या सेवेचा अखेरचा दिवस होता. त्याच दिवशी करारावर लालडेंगा, प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा यांनी सह्या केल्या. मिझोराममध्ये हा दिवस ‘रेमना नी’, म्हणजे शांतता दिन, म्हणून पाळला जातो.

करारात देवघेव काय झाली? मिझो नॅशनल फ्रंटने स्वातंत्र्याची मागणी सोडली, पक्षाच्या घटनेत तसा बदल करण्याचे मान्य केले, शस्त्रे खाली ठेवण्याचे आणि शेजारच्या राज्यांतील बंडखोरांना साहाय्य न करण्याचे वचन दिले. केंद्राने मिझोरामला पूर्ण घटकराज्याचा दर्जा देण्याचे मान्य केले. घटनेच्या त्रेपन्नाव्या दुरुस्तीने ३७१-छ हा अनुच्छेद घालण्यात आला. अनुच्छेद ३७१ हा आकडा विदर्भ-मराठवाड्याच्या विकासमंडळांमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. मिझोरामसाठी त्याच मालिकेतील ही वेगळी तरतूद. मिझो लोकांचे धार्मिक आणि सामाजिक आचार, त्यांचा रूढिप्राप्त कायदा, त्या कायद्यानुसार होणारा न्यायनिवाडा आणि जमिनीची मालकी व हस्तांतर, या चार बाबींत संसदेचा कायदा मिझोरामच्या विधानसभेने ठराव केल्यावाचून तेथे लागू होत नाही. सार्वभौमत्व भारताचे राहिले. पण आपली जमीन, आपली रूढी आणि आपला न्याय यांवर अखेरचा शब्द मिझोंचा झाला. शेजारच्या राज्यांतील मिझोभाषी मुलूख जोडून बृहन्‌मिझोराम करण्याची मागणी मात्र केंद्राने मान्य केली नाही. लालडेंगा यांनी त्या मागणीसाठी करार अडवून धरला नाही.

परंतु कागदावरील कलमांपेक्षा त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. लाल थनहावला हे १९८४ साली निवडून आलेले काँग्रेसचे मुख्यमंत्री. तोडगा निघाल्यास आपण खुर्ची मोकळी करू, असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. राजकारणात असे शब्द पुष्कळ दिले जातात. लाल थनहावला शब्दाला जागले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याने त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्रिपद पत्करले. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम भारताचे तेविसावे राज्य झाले. त्याच महिन्यातील निवडणुकीत लालडेंगा यांच्या पक्षाला चाळीसपैकी चोवीस जागा मिळाल्या.

खरी कसोटी त्यापुढे होती. बंडखोर नेत्याला सत्ता देऊन शांत करणे त्या मानाने सोपे. ती सत्ता हातची गेल्यावर तो काय करतो, यावर कराराचे भवितव्य ठरते. १९८८ साली लालडेंगा यांच्या पक्षात फूट पडली आणि राष्ट्रपती राजवट आली. १९८९ च्या जानेवारीत निवडणूक होऊन ते पराभूत झाले आणि लाल थनहावला पुन्हा मुख्यमंत्री झाले. वीस वर्षे रानात आणि परदेशांत काढलेल्या, हजारो तरुणांना शस्त्रे दिलेल्या त्या पुढाऱ्याने रानाची वाट पुन्हा धरली नाही. तो विरोधी बाकावर बसला. १९९० च्या जुलैत लंडनमध्ये लालडेंगा यांचे निधन झाले, ते एका घटनामान्य पक्षाचे नेते म्हणून. त्यांचे एकेकाळचे सचिव झोरामथंगा, जे पदवी घेऊन १९६६ साली बंडात उतरले होते, त्यांनी १९९८ ची निवडणूक जिंकून मुख्यमंत्रिपद मिळविले.

त्याच दशकात देशात इतरही करार झाले. १९८५ च्या जुलैत पंजाबचा करार झाला आणि त्यावर सही करणारे संत लोंगोवाल यांची महिनाभरातच हत्या झाली. त्यापूर्वी, १९७५ साली, नागा बंडखोरांशी शिलाँगला करार झाला होता. तो एका गटाने मान्य केला आणि दुसऱ्याने झुगारला, तेव्हा बंडाला नवी फाटी फुटली. मिझोरामचाच करार का टिकला? एक कारण असे की, मिझो नॅशनल फ्रंट आपल्या नेत्यासह, आपल्या सैन्यासह, जवळजवळ अखंड बाहेर आला; मागे रानात राहून तो करार नासवील असा प्रबळ गट उरला नाही. दुसरे असे की, चर्च, विद्यार्थी आणि सर्व पक्ष यांनी शांततेची मागणी इतकी लावून धरली होती की, ती मोडणाऱ्याला गावात तोंड दाखविणे कठीण झाले असते. आणि तिसरे असे की, सत्तेवर असलेल्या माणसाने सत्ता सोडली, आणि पुढे ज्याला ती मिळाली त्यानेही मतदाराच्या सांगण्यावरून ती सोडली.

हे चित्र सर्वस्वी निष्कलंक आहे असे नाही. ज्या समाजाने आपले वेगळेपण जपण्यासाठी एवढे सोसले, त्याच्याही छायेत त्याहून लहान समाज राहतात. लाई, मारा आणि चकमा यांच्यासाठी मिझोरामच्या आत तीन स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत. उत्तरेकडील म्हार लोकांच्या आंदोलनावर १९९४ साली करार करावा लागला. ब्रू लोकांनीही अशीच परिषद मागितली, तेव्हा १९९७ साली संघर्ष पेटला आणि हजारो ब्रू कुटुंबे त्रिपुरातील छावण्यांत गेली. तीस हजारांहून अधिक विस्थापितांना त्रिपुरातच वसविण्याचा निर्णय व्हावयास २०२० चा जानेवारी महिना उजाडला. आसामशी असलेल्या सीमेच्या वादात २०२१ च्या जुलैत दोन राज्यांच्या पोलिसांत गोळीबार होऊन माणसे मेली. स्वायत्तता मिळविणाऱ्याला ती दुसऱ्याला देण्याची वेळ आली की हात आखडतो. दिल्ली आणि शिलाँगवर जो दोष एकेकाळी आला, तो ऐझॉलवरही येऊ शकतो.

आणि मग २००६-०७ मध्ये बांबू पुन्हा फुलला. झोरामथंगा मुख्यमंत्री होते. ज्या दुष्काळातून त्यांचा पक्ष जन्माला आला, त्याच दुष्काळाच्या पुढच्या फेऱ्याला आता त्यांना सरकार म्हणून तोंड द्यावयाचे होते. या वेळी मौतामला कोणी भाबडी समजूत म्हटले नाही. फुलोरा येण्यापूर्वीच राज्याने केंद्राच्या साहाय्याने योजना आखली. उंदरांच्या शेपट्यांसाठी बक्षीस लावण्यात आले आणि लोकांनी त्या लाखांनी आणून दिल्या. पिके बुडालीच, हाल झालेच. पण साठ साली जे झाले ते पुन्हा झाले नाही. योजनेच्या पैशाचा विनियोग नीट झाला नाही, अशा तक्रारी मात्र गावोगाव उठल्या. २००८ च्या अखेरीस निवडणूक झाली, तेव्हा चाळीसपैकी अवघ्या तीन जागा सत्ताधारी मिझो नॅशनल फ्रंटच्या वाट्याला आल्या. त्या पराभवाची कारणे एकाहून अधिक होती. दुष्काळी योजनेबद्दलचा असंतोष हे त्यांतील एक होते. झोरामथंगा पायउतार झाले आणि दहा वर्षे विरोधी पक्षात राहून २०१८ साली मतांनीच परत आले. २०२३ च्या डिसेंबरात मतदारांनी त्यांनाही आणि काँग्रेसलाही बाजूस सारून तिसऱ्याच पक्षाच्या लालदुहोमा यांच्या हाती राज्य दिले. दर वेळी सत्तांतर शांतपणे झाले.

पहिल्या मौतामच्या वेळी उपाशी माणसाचा शब्द शिलाँगपर्यंत पोहोचला नाही आणि शेवटी तो बंदुकीच्या आवाजात बोलला. दुसऱ्या मौतामच्या वेळी त्याला ऐझॉलच्याच सरकारला जाब विचारता आला, आणि उत्तर पटले नाही तेव्हा त्याने ते सरकार बदलले. संकट तेच होते, उंदीर तेच होते. मधल्या पन्नास वर्षांत मिझोरामने आणि भारताने मिळून जे कमावले ते एवढेच, आणि त्याची किंमत दोघांनीही मोजली आहे. बांबूचा पुढचा फुलोरा २०५५ च्या आसपास येईल. तो कोणत्या वर्षी येईल हे तेथील वृद्ध आजही मोजून सांगू शकतील. तोवर दिल्ली असो, ऐझॉल असो, की एखाद्या लहान जिल्हा परिषदेची कचेरी असो, तेथे बसलेल्यांनी त्यांचे ऐकून घेण्याची सवय मोडू देता कामा नये.